तुळशीखालची ओल

ठाणे,
२२ मार्च

चि. अभयास,

वर ‘श्री’ घातलेला नाही. कार्तिकात आई गेली, फाल्गुनात तुझी मालन गेली. घालवत नाही.

फोन केला की तू ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. शिवाय लिहिताना मला तोंड आवरता येतं. समोरासमोर ते जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

मालनच्या तेराव्याला आले तेव्हा तू पडवीत पाठ करून बसून होतास. बायको गेलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मीही गप्प राहिले. पालखी गावात फिरत होती आणि सुतक म्हणून आपल्या दारात न थांबता पुढे गेली. तुझी सानवी ओट्यावर उभी राहून ढोल दूर जाताना ऐकत होती. सात वर्षांच्या पोरीला त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे.

परत निघाले तर लांज्याच्या स्टँडवर काशीरामची बायको सुनंदा भेटली. तिने माझा हातच धरला. म्हणाली, “ताई, ह्यांना चौकीत परत परत बोलावतायत. वायरमनचं लायसन काढून घेतलंय. आता गुन्हा दाखल करणार म्हणतात.” तू जबाबात त्याचं नाव दिलंस म्हणे. तू मुंबईचं सर्व्हिस सेंटर सोडून गावी आलास आणि घरात विजेच्या उपकरणांचे बोर्ड दुरुस्त करायचं दुकान थाटलंस, तेव्हा सगळं वायरिंग त्यानेच केलं होतं. बौद्धवाडीतला म्हणून आई त्याचा कप वेगळा ठेवायची. मला ते कधी पटलं नाही. मालनने तो कप फेकून दिला आणि घरातल्या कपातून चहा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं होतं.

त्या सकाळी काय झालं ते मला नीट सांग. पहिल्यापासून.

तुझी,
दमयंतीताई

*

लांजा,
३१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

काशीरामच्या बायकोचा कळवळा आला, भावाचा नाही आला. वाचून बरं वाटलं.

पहिल्यापासून ऐकायचंय तर ऐक. मालनने नेहमीसारखं तुळशीला पाणी घातलं. आईचा नेम तुला माहीत आहे, एक कळशी तुळशीशी ओतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. आईमागे मालनने तो उचलला होता. मग ओल्या हातानेच ती मागच्या पडवीत मोटर लावायला गेली. मी पुढे टेबलाशी होतो. हायवेवरच्या हॉटेलची इंडक्शन शेगडी आली होती, तिचा बोर्ड चालू करून स्कोपवर, विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लावला होता. स्कोपच्या पडद्यावरची रेघ एकदम थरथरली आणि मागून धप्पकन आवाज आला. मी बोर्डाला लावलेली स्कोपची क्लिप काढून धावलो. मालन मोटरच्या स्टार्टरखाली पडलेली. मी तिला उचललं, त्या लोखंडी पेटीला माझा खांदा लागला, पण मला काहीच बसलं नाही. तिचा हात तेवढा काळा पडला होता. रत्नागिरीला नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

तपासणीला साहेब आले. त्यांनी अर्थिंग मोजलं आणि म्हणाले, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत आहे, हे अर्थिंग असून नसल्यासारखं. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबीसुद्धा मेनच्या पेटीत नाही म्हणाले. वायरिंग कोणाचं, विचारलं. काशीरामचं. मग मी नाव काय गावच्या सरपंचाचं सांगायचं होतं? कातळात हातभर खड्डा मारायचा, मीठ-कोळसा टाकायचा आणि पैसे घेऊन निघायचं, ही ह्या लोकांची कामं. त्यात माझी बायको गेली.

सानवी रात्री माझ्याजवळ झोपते. झोपेत हात घट्ट धरून ठेवते. आता ह्याच्या पलीकडे मला काही विचारू नकोस.

अभय

*

ठाणे,
७ एप्रिल

चि. अभयास,

विचारणार आहे. लॅबमध्ये लोकांची मीटर आणि स्कोप तपासून खरी की खोटी ते ठरवण्यात माझा जन्म गेला. तुझं पत्रही तसंच तपासून वाचलं.

ईएलसीबी नव्हता म्हणतोस. गेल्या गणपतीत तो मेनच्या पेटीत होता. मी स्वतः त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं, आरती चालू असताना सगळ्या घरातली वीज गेली आणि आई माझ्यावर खेकसली, “तुझी लॅब तिकडे ठाण्यात ठेवून ये.” तू हसत होतास. मालनने समईच्या उजेडात आरती पुरी केली. आठवतं ना? मग तो डबा गेला कुठे?

दुसरं. मी तुला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणून दिला होता. एसटीच्या टपावरून नाही, मांडीवर धरून आणला, इतका जड. तेव्हा तुझ्या टेबलाशी बसून सांगितलं होतं की शेगडीचा बोर्ड थेट मेनवर चालतो, त्याच्या आतल्या ग्राउंडला जमीन समजू नकोस, तिथे लाईन खेळत असते. आणि स्कोपची काळी क्लिप म्हणजे साक्षात घराची अर्थिंगची तार. क्लिपमधून स्कोपच्या पोटात, तिथून प्लगच्या जाड पिनेत, तिथून भिंतीत. बोर्ड आधी ट्रान्सफॉर्मरवर घ्यायचा म्हणजे त्याचा जमिनीशी संबंध तुटतो, आणि मगच क्लिप लावायची. तू म्हणालास, “ताई, मी काय शिकाऊ आहे का?” त्या दिवशी बोर्ड ट्रान्सफॉर्मरवर होता का?

आणि तिसरं. मागच्या पडवीत बायको पडल्याचा आवाज आला, आणि तू आधी क्लिप काढलीस. मग धावलास. क्लिप का काढलीस, अभय? आणि ती काढल्यावर पेटीला तुझा खांदा लागून तुला काहीच का बसलं नाही?

मला उत्तर ठाऊक आहे. तुझ्या तोंडून हवं आहे.

ताई

*

लांजा,
१२ एप्रिल

ताई,

लॅबमध्ये बसून बोलणं सोपं आहे. तो तुझा ट्रान्सफॉर्मर शेगडीचा लोड घेत नाही. जरा पॉवर वाढवली की गुरगुरतो आणि तापतो. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला काय सांगू, माझ्या ताईने नको म्हटलंय? मागच्या दाराला टेकण म्हणून लावलाय तो, वाऱ्याने दार आपटतं म्हणून.

ईएलसीबी मी काढला आणि तार डायरेक्ट जोडली. क्लिप लावली की तो पडायचा. इकडे मालनचा मिक्सर बंद, तिकडे सानवीचा अभ्यास अंधारात, दोघी माझ्या नावाने ओरडायच्या. तालुक्यात दहा दुकानं बघ, नऊ ठिकाणी डायरेक्टच असतं. कोण मेलं आजवर? आणि डायरेक्ट केल्यावर क्लिप लावली तर ठिणगी नाही, फ्यूज नाही, काही नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. महिना-दीड महिना त्याच पद्धतीने काम केलं मी.

क्लिप का काढली ते मला विचारू नकोस. हात गेला.

आता पुढचं तूच सांग. मला आत घेतलं तर सानवीला कोण बघेल? तू नेशील ठाण्याला, तुझ्या दोन खोल्यांत? तिची आई गेली, आता बापही घालवायचा? काशीरामचं काय होणार आहे, लायसन जाईल, थोडा दंड होईल. त्याचा मुलगा रितेश मुंबईला कमावतो. शिवाय त्यांच्या पाठीशी त्यांची माणसं आहेत. माझ्या पाठीशी कोण आहे? एक बहीण होती.

अभय

*

ठाणे,
१८ एप्रिल

चि. अभयास,

‘त्यांची माणसं’ हे शब्द मालनपुढे उच्चारायची तुझी छाती झाली नसती. ती गेल्यावर बरी छाती झाली.

तुझ्या ‘सुरळीत’चा अर्थ सांगते. तू क्लिप लावलीस की मेनची लाईन बोर्डातून क्लिपमध्ये आणि क्लिपमधून घराच्या अर्थिंगमध्ये शिरत होती. खड्डा ओला असता तर ती जमिनीत धावली असती, ठिणगी उडाली असती, फ्यूज गेला असता, तू शिव्या दिल्या असत्यास आणि शहाणा झाला असतास. खड्डा कोरडा, म्हणून तिला जायला वाट नव्हती. ती तारेतच तुंबून राहिली. त्या तारेला जे जे जोडलेलं होतं, तुझा स्कोप, फ्रिज, मोटरच्या स्टार्टरची पेटी, ते सगळं तू काम करत होतास तेवढा वेळ जिवंत होतं. महिना-दीड महिना. तू लाकडी फळीवर पाय ठेवून, चपला घालून बसायचास. मालन ओल्या पायाने मातीवर उभी होती. ईएलसीबी असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने वीज तोडली असती. त्याचं तेच तर काम. तू त्याचं तोंड बांधून ठेवलंस, कारण तो खरं बोलत होता.

आणि आता काशीराम आत जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

सानवीचं म्हणशील तर दोन खोल्यांत ती माझ्याजवळ राहील, आनंदाने राहील. पण मोठी झाल्यावर ती विचारेल, आणि तेव्हा मी खोटं बोलणार नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत चौकीत जा आणि जबाब बदल. मी सोबत येते, वकिलाचंही मी बघते. तू नाही गेलास तर मी एकटी जाईन. ही धमकी समज.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. काशीरामने अर्थिंगच्या खड्ड्यासाठी तुळशीलगतची जागा मुद्दाम निवडली होती. आपल्या कातळावर पौष सरला की ओल टिकत नाही, म्हणून त्याने आईला सांगितलं, इथे रोज एक कळशी ओता, घर सुरक्षित राहील. आईने त्याचा नेमच केला. ‘ह्या पाण्याने घर राखलं जातं’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात काशीरामचं नाव कधी घ्यायची नाही. मालन रोज पाणी घालत होती असं तूच लिहितोस. मग खड्डा कोरडा कसा पडला? ते पाणी गेलं कुठे?

ताई

*

लांजा,
२४ एप्रिल

ताई,

पाणी कुठे गेलं विचारतेस. गटारात गेलं.

आईच्या तेराव्याआधी तू पैसे पाठवलेस. मातीचं जुनं वृंदावन पडायला आलंय, आईच्या नावाने चांगलं संगमरवरी बसवा, अंगणात फरशी घाला, मुंबईची माणसं येणार, ती शेणात बसणार आहेत का, हे सगळं तुझं बोलणं. जुनं वृंदावन काढलं. नवं हातभर बाजूला घेतलं, कारण तुला ते दरवाज्यासमोर हवं होतं. खड्डा फरशीखाली येत होता. काशीराम मुद्दाम सांगायला आला होता. म्हणाला, एवढी एक फरशी बसवू नका, इथे झाकण ठेवा, त्यातून पाणी ओतता येईल. मी तुला फोन लावला. स्पीकरवर. मालन होती, काशीराम उभा होता. तू काय म्हणालीस?

“गटाराचं झाकण वाटेल ते. आईच्या वृंदावनाशेजारी नको.”

एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. काशीराम निघून गेला. कारागिराने फरशी बसवली, सांध्यांत सिमेंट भरलं. मालन रोज कळशी ओतायची, अर्धी वृंदावनात, अर्धी फरशीवर जिथे आई ओतायची तिथे. ते पाणी उतारावरून सरळ गटाराला जायचं. ती फरशी पुसूनसुद्धा घ्यायची, घसरायला नको म्हणून.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं ना? खड्डा कोरडा पडला की काय होतं ते मला पत्रातून शिकवतेस. तेव्हा कुठे गेली होती तुझी लॅब? काशीरामला जे कळलं ते तुला फोनवर का कळलं नाही?

जा चौकीत. पण हेही लिहून दे. नाहीतर जाऊ नकोस.

आणि क्लिपचं ऐक, एवढं विचारतेस तर. रेघ थरथरली त्याच क्षणी मला कळलं होतं. कोणीतरी दुसऱ्या टोकाला आहे, हे पडद्यावर दिसतं. घरात दोघीच होत्या. क्लिपकडे हात जाईपर्यंत मी मनात म्हणत होतो, सानवी नसू दे. मालन नसू दे असं नाही म्हटलं मी. हे कोणत्या कागदावर लिहायचं ते तू सांग.

अभय

*

घरातून,
३ मे

अभय,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या टेबलावर, स्कोपखाली ठेवून जाते. तू वकिलाला भेटायला रत्नागिरीला गेलास असं शेजारच्या मैनाकाकी म्हणाल्या. मी येणार हे कळवलं होतं, म्हणून आजच गेलास ते समजलं.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस कामावर गेले नाही. पहिल्यांदा तुझा राग आला, मग वाटलं तू रचून सांगतोयस. पण मालनने फोनवर मागून काहीतरी म्हटलं होतं ते आठवलं. “ताई, पण ते म्हणतायत तर...” एवढं. मी तिचं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. संगमरवराचा पांढरा रंग मनात होता, आणि मला त्या शेजारी बिडाचं झाकण नको होतं. अर्थिंग हा शब्द त्या वेळी माझ्या डोक्यात आलाच नाही. लॅबमध्ये येतो. घरी आले की मी आईची मुलगी असते.

सकाळी चौकीत जाऊन आले. सगळं सांगितलं. तुझं डायरेक्ट करणं, क्लिप, दाराला लावलेला ट्रान्सफॉर्मर. आणि झाकणाचं. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, “बाई, हे शेवटचं लिहायलाच हवं का? तुमच्या अंगावर येईल.” म्हटलं, तेच आधी लिहा. तुझ्या मनातलं, सानवीचं आणि मालनचं, ते मी सांगितलं नाही. ते कुठल्या कागदावर लिहायचं मलाही ठाऊक नाही. तुला परवा बोलावतील. पळू नकोस, मी इथेच आहे, लांज्याला माझी मैत्रीण सुधा हिच्या घरी.

काशीराम बाहेरच्या बाकावर बसला होता. तो पार उतरलाय. मी हात जोडले. त्याने जोडले नाहीत. म्हणाला, “तुम्ही आलात हे बरं झालं. उशिरा आलात. मालनवहिनी गेल्या त्या दिवशी मी तुमच्या अंगणात उभा होतो, आणि तुमच्या भावाने माझ्याकडे बोट केलं. फरशी फोडायला आता दुसरा माणूस बघा. मी त्या घरात पाय ठेवणार नाही.” मी हो म्हणाले.

घरी आले तर सानवी एकटी. तू तिला मैनाकाकींवर सोडून गेलास, पण ती तिकडे थांबलीच नाही. मी आधी आत जाऊन मेन स्विच खाली पाडला आणि फ्यूज काढून माझ्या पिशवीत टाकले. ते तुला मिळणार नाहीत. ईएलसीबी बसल्याशिवाय आणि फरशी फोडून खड्डा भिजल्याशिवाय ह्या घरात दिवा लागणार नाही. आज कंदिलावर भाग. सानवीला मी नेते आहे, तिचे दोन फ्रॉक आणि शाळेचं दप्तर घेतलंय.

आम्ही निघालोच होतो (एवढं परत आत येऊन लिहिते आहे), तर ती म्हणाली, थांब आत्या, माझं राहिलं. दोन्ही हातांनी कळशी उचलून घेऊन आली. तिला ती उचलवत नव्हती, अर्धी फ्रॉकवर सांडली. थोडं पाणी तिने वृंदावनात घातलं आणि उरलेलं शेजारच्या फरशीवर, बरोबर आई ओतायची त्याच जागी. ते उतारावरून वाहत माझ्या पायाशी आलं आणि गटारात गेलं. मग तिने फडकं घेतलं आणि खाली वाकून फरशी पुसली.

“आजी म्हणायची, ह्या पाण्याने घर राखलं जातं,” ती म्हणाली. “खरं ना, आत्या?”

मी हो म्हणाले.

ताई